एअर धरलीय

रस्त्याच्या कडेला एखाद्या गाडीचं बोनेट उघडं दिसलं की नानांना पुढं जाववत नाही. गाडी ओळखीची असायची अट नाही, रस्ताही नाही. परवा नाशिकच्या द्वारका चौकात, म्हणजे जिथं सिग्नल सुटल्यावर क्षणभर रेंगाळलं तरी मागचा हॉर्नवर हात ठेवूनच बसतो, तिथं नानांनी स्कूटर थांबवली, हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि एका भांबावलेल्या गृहस्थाच्या बोनेटात डोकं घातलं.

"सेल्फ मारा बघू."

त्यानं मारला. नानांनी डावा कान इंजिनाकडं केला, डोळे मिटले आणि निदान सांगितलं.

"एअर धरलीय."

गाडी पेट्रोलची होती.

आता हे निदान अगदीच हवेतलं आहे असं नाही. जुन्या डिझेल इंजिनात टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत हवा शिरली की पंप डिझेलऐवजी हवाच दाबत बसतो. हवा आकसते, पुरेसा दाब तयार होत नाही, नोझलमधून फवारा उडत नाही आणि इंजिन दोनदा खोकून गप्प होतं. उपाय पाच मिनिटांचा असतो. फिल्टरवरचा स्क्रू थोडा ढिला करायचा आणि हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. ते आलं की स्क्रू आवळायचा, हात पॅन्टला पुसायचे आणि म्हणायचं, "मारा आता." नानांनी उमेदीच्या काळात अशी कितीतरी इंजिनं उठवली. ज्या शहरात बोलेरो आणि स्कॉर्पिओ तयार होतात, तिथं सातपूर-अंबडमध्ये नोकरी केलेल्या माणसाला गाडीबद्दल मत नसणं हे तसंही कमीपणाचं. नानांना मत होतं. एकच होतं, पण ठाम होतं.

बॅटरीवर चालणारी पुतण्याची स्कूटर बंद पडली, एअर धरलीय. मिक्सर फिरेना, एअर धरलीय. मेहुण्याची बढती अडकली, तेव्हाही नाना चहाचा घोट घेऊन म्हणाले, "फाइलनं एअर धरलीय. वरून जरा ढिलं करावं लागेल." दुर्दैवानं एकदा ते खरं निघालं. आमच्या सिडकोतल्या इमारतीत टाकी भरलेली असूनही तिसऱ्या मजल्याला पाणी येईना. प्लंबर पाइप बदलायच्या गोष्टी करत होता. नाना गच्चीवर गेले, एक जोड ढिला केला, फुस्स झालं आणि खाली नळ वाहू लागले. त्या दिवसापासून त्यांच्याशी वाद घालायची सोय उरली नाही.

नानींच्या छातीत मध्यरात्री दुखायला लागलं तेव्हा आम्ही सगळे घाबरून दवाखान्यात पोचलो. ईसीजी झाला, रक्त तपासलं. पहाटे डॉक्टर हसत बाहेर आले आणि म्हणाले, "काळजीचं काही नाही, गॅसेस आहेत." नानांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी निमूटपणे चहा आणायला गेलो.

अशा माणसाच्या हातात २०२१ साली वर्तमानपत्र पडलं, आणि त्यात राज्य सरकारच्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणाची बातमी होती. गाडीमागं चाकांवरचं घर जोडायचं, हवं तिथं थांबायचं, तिथंच चहा, तिथंच झोप. नानांनी ती बातमी कात्रीनं कापून पाकिटात ठेवली आणि अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडं जाऊन बसले. पुढं काही महिने तो बिचारा स्वतःच्या शेडमध्ये पाहुण्यासारखा वावरत होता. अखेर आमच्या गल्लीत एक ट्रेलर अवतरला. लोखंडी सांगाडा, बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड, दोन बाक, गॅसची शेगडी, बेसिन, वर खिडकीला झडप. एमएच १५ची स्वतंत्र नंबर पाटीसुद्धा, कारण ट्रेलरची नोंदणी वेगळी करावी लागते आणि कागदपत्रांत नानांना एअर खपत नाही. ती झडप उघडली की अख्खी गल्ली विचारायची, "नाना, वडापाव कधीपासून?" नानी त्याला टपरीच म्हणायच्या.

पाण्याची टाकी दोनशे लिटरची होती आणि ती बसवली होती ट्रेलरच्या शेपटाला. फॅब्रिकेशनवाला सांगत होता की ती पुढं घेऊ. त्याचं बरोबर होतं. ट्रेलरच्या एकूण वजनातला साधारण दहावा हिस्सा पुढच्या हुकावर यावा लागतो. भार मागं गेला की हुक हलका होतो आणि वेग घेतला की ट्रेलर डावी-उजवीकडं झुलायला लागतो. पण टाकी पुढं घेतली असती तर नानींच्या मसाल्याच्या डब्यांना जागा उरली नसती, आणि नानांनी कंपनीत कोणालाही न घाबरता नोकरी केली असली तरी घरी त्यांची सेवा अजून चालू आहे.

मे संपता संपता आम्ही काजवे बघायला भंडारदऱ्याला निघालो. पुढं नानांची जुनी डिझेल जीप, मागं टपरी, आत नाना, नानी, मी, बायको आणि माझी मुलगी. धरणाच्या काठी मुक्कामाला चाललेला हा माणूस गंगापूर धरणाचं दोनशे लिटर पाणी बरोबर घेऊन चालला होता, म्हणजे तेवढेच किलो. घोटीपर्यंत महामार्ग होता तोवर ट्रेलर नुसता झुलला. घोटी सोडून आत वळल्यावर बारीचा घाट लागला. काजव्यांच्या हंगामात त्या रस्त्यावर संध्याकाळी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. चार पावलं चालायचं, थांबायचं, पुन्हा चढावर उचल घ्यायची. प्रत्येक वेळी नाना क्लच अर्धवट धरून गाडी तोलत होते. आधी वास आला, मग बोनेटखालून धूर दिसला, मग इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना.

मी मुलीकडं पाहिलं. तिनं ओठ हलवून दाखवले. दोन सेकंदांनी पुढून तेच शब्द आले.

नाना उतरले. पण बोनेटाला हात लावण्याआधी त्यांनी जीपच्या आणि ट्रेलरच्या चाकांमागं दगड लावले, मागं बऱ्याच अंतरावर लाल त्रिकोण ठेवला आणि त्याच्याही मागं झाडाच्या फांद्या आडव्या टाकल्या. हे सगळं त्यांनी इतक्या सराईतपणे केलं की मी तोंडावर आलेली थट्टा गिळली. मग स्क्रू ढिला झाला, हातपंप सुरू झाला. पहिल्याच दाबाला स्वच्छ, सलग डिझेल आलं. एकही बुडबुडा नाही. नाना दाबत राहिले. मनगटावरून कोपरापर्यंत डिझेल ओघळलं तरी दाबत राहिले.

एव्हाना रांगेतल्या गाड्यांतून माणसं उतरली होती. एकानं बोनेटात वाकून सांगितलं, बॅटरी. दुसरा म्हणाला, डिझेलमध्ये भेसळ असते हल्ली. तिसऱ्यानं मोबाइलवर शूटिंग घेत घेत इंजिन बदलायचाच सल्ला दिला. चौथा टपरीच्या खिडकीशी जाऊन चहाचा भाव विचारून आला. नाना ताठ उभे राहिले आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "काय लोक असतात बघ. काही कळत नाही, पण डोकं घालायची हौस." हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

शेवटी ट्रॅक्टरवरून खाली येणारा एक पोऱ्या थांबला. तो बोनेटाकडं फिरकलाही नाही. नाक वर करून म्हणाला, "बाबा, नळी कशाला सोडता? क्लच प्लेट जळाली ना. पार खालच्या वळणापासून वास येतोय." सकाळी टोचन लावून घोटीला नेतो म्हणाला आणि निघून गेला.

जीप आणि ट्रेलर ढकलून कडेच्या मोकळ्या जागेत घ्यायला मात्र तेच सगळे सल्लागार उपयोगी पडले. त्या रात्री टपरीनं आयुष्यात पहिल्यांदा टपरीचं काम केलं. नानींनी रांगेत अडकलेल्या लेकुरवाळ्या गाड्यांना चहा-दूध दिलं. त्यात गंगापूरचं पाणी बरंच हलकं झालं. गर्दी ओसरल्यावर नानांनी सगळे दिवे घालवायला लावले, कारण गाड्यांच्या प्रकाशझोतात काजवे बिथरतात. थोड्या वेळानं उताराच्या एका सादड्यावर ते लुकलुकायला लागले. मुलगी सांगत होती की काजव्याच्या पोटातल्या पेशींना प्राणवायू मिळाला की रासायनिक क्रिया होऊन उजेड पडतो, आणि तो पुरवठा कमी-जास्त करूनच काजवा उघडझाप करतो. नानांनी हे अत्यंत लक्षपूर्वक ऐकलं. मग मला कोपरानं ढोसून म्हणाले, "म्हणजे एअरचाच खेळ."

सकाळी पोऱ्या साखळी घेऊन आला. नानांनी ती परत ठेवायला लावली. "खाली उतार आहे. साखळीनं ओढता येतं, अडवता येत नाही. जीप तुझ्या ट्रॅक्टरवर येऊन बसेल. दांडा आण." पोऱ्यानं पहिल्यांदाच त्यांच्याकडं आदरानं पाहिलं आणि गावात जाऊन लोखंडी दांडा आणला. ट्रेलर दुसऱ्या खेपेला येऊन न्यायचा ठरला. दुसऱ्याच्या गाडीमागं बांधलेल्या स्वतःच्या जीपचं स्टिअरिंग धरून बसलेले नाना मला बघवेनात, म्हणून मी काहीतरी विनोद करायला गेलो. ते म्हणाले, "कसारा घाटात सदतीस फुटाला एक फूट चढ आहे. तिथं एवढी मोठी रेल्वेसुद्धा इगतपुरीपर्यंत मागून बँकर इंजिनं लावून घेते. तिला नाही लाज वाटत." निघण्यापूर्वी मात्र ते खाली उतरले, आमचे दगड त्यांनी रस्त्यावरून उचलून गटारात टाकले, आणि मग वळणापर्यंत चालत जाऊन दुसऱ्या कोणाकोणाचे पडलेले दगडही. घाटात गाडी सुरू झाली की लोक दगड तिथंच सोडून जातात, आणि रात्री मोटारसायकलवाल्याला ते दिसत नाहीत. पोऱ्या ट्रॅक्टर चालू ठेवून वाट बघत राहिला.

घोटीच्या गॅरेजात नवी क्लच प्लेट बसली. मिस्त्रीनं शेवटी पेडल दाबून बघितलं, क्लचच्या नळीचा स्क्रू ढिला केला आणि सहज म्हणाला, "लाइनीत एअर होती, काढली." दुरुस्तीला नळी सोडली की त्यात हवा जाणारच, हे मी नानांना पुढं बराच काळ समजावत होतो. ते ऐकत नव्हते. ते मिस्त्रीला चहा पाजत होते.

हल्ली नानांचं निदान चालत नाही. नव्या गाडीचं बोनेट उघडलं की आत प्लास्टिकचं झाकण असतं. ढिलं करायला स्क्रू दिसत नाही, दाबायला हातपंप नाही. गॅरेजमधला मुलगा लॅपटॉपची वायर जोडतो आणि पडद्यावर आकडे वाचतो. बंद पडलेला माणूस काचा वर करून, एसी गेलेल्या गाडीत घाम पुसत, कंपनीच्या मदतीची वाट बघतो. नानांनी काचेवर टकटक केली तर आधी दाराचं लॉक लावतो.

५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर सलग. इगतपुरीच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यानं कसारा घाट वरच्यावर सुटला. माझ्या गाडीतून नानांना मुद्दाम त्या रस्त्यानं मुंबईला नेलं. बोगदा त्यांना आवडला. पण बाहेर पडल्यावर पुढं डाव्या हाताला एक पांढरी गाडी बोनेट उघडून उभी होती. नानांचा हात दाराच्या कडीकडं गेला. "नाना, इथं मध्येच थांबता येत नाही." गाडी मागं गेली तशी त्यांची मानही मागं गेली. मग त्यांनी माझा मोबाइल मागून घेतला, मदतीच्या नंबरावर फोन लावला, किलोमीटरचा दगड सांगितला, दिशा सांगितली, गाडीचा रंग सांगितला. पलीकडच्या मुलीनं गाडीमालकाचं नाव विचारलं.

"ते मला कसं ठाऊक असणार?" नाना भडकले. "तुम्ही थांबू दिलं असतं तर विचारलं असतं!"