काकूंचं सिव्हिल लाइन्स

“पाटी काढली म्हणे त्यांनी!”

काकूंनी तारेच्या कुंपणावर ओला टॉवेल टाकला आणि त्याच्यासोबत बातमीही. मी इकडं तुळशीला पाणी घालत होते.

“कायची पाटी, काकू?”

“अवं, त्या कोपऱ्यावरल्यांनी. फाटकावर आजोबाच्या नावाची पाटी नव्हती का संगमरवराची? रंगरंगोटी करून राहिले तं पोट्ट्यानं काढून टाकली. आता लाइटवाला नंबर लावला. नुसता नंबर! माणूस गेला म्हणून काय नावबी काढाचं?”

मला वाटलं, गाडी आता नेहमीसारखी त्या घरच्या सुनेवर जाणार. सूनबाई, तिची नोकरी, तिचा पगार, तिची आई. पण काकू त्या दिवशी थेट नागपूरला पोचल्या, आणि तेही १९८७ साली.

“पाट्यांचं असंच असते बापा. एकदा काढली का मंग माणसाले आठवते. आमच्या ह्यांचं पाहा नं. अजून त्या सिव्हिल लाइन्सच्या आकड्यांच्या बोर्डासाठी हळहळतेत.”

काकूंचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दिवाळी नुकतीच आटोपलेली, डब्यात चिवडा उरलेला. काकांनी कुठून तरी दोन तिकिटं पैदा केली आणि ३१ ऑक्टोबरला पहाटेच्या गाडीनं दोघं वर्ध्याहून नागपूरला निघाली. स्टेशनवरून रिक्षानं सिव्हिल लाइन्स. विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड सामना विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर होता. सासूबाईंना मात्र मामेसासऱ्यांकडं जाऊन येतो, असं सांगितलं होतं. (हे काकूंनी आवाज खाली आणून सांगितलं. सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली.)

“मले किरकेटमधलं ओ का ठो समजत नव्हतं. बसलो तं अशा कोपऱ्यात का चेंडू दिसेच नाई. पांढऱ्या कपड्यातले मुंगीएवढाले माणसं इकडून तिकडं पळे. मी म्हटलं, हे पाहाले आणलं का मले? तं हे म्हणे, तू चेंडू नको पाहू, तू तो बोर्ड पाह्य. मंग मी दिवसभर बोर्डच पाह्यला.”

म्हणजे काकूंनी विश्वचषकाचा अख्खा सामना वाचला. फळीमागं कुणीतरी आकड्याची पाटी काढायचा, दुसरी लावायचा, आणि सारं मैदान त्या हाताकडं डोळे लावून बसायचं. एक आकडा धावांचा, एक गडी बाद झाल्यांचा. काकूंना तेवढं पुरलं.

“अन् मंग काय झालं माहीत आहे? धावांचा आकडा जागच्या जागी, अन् गड्यांचा आकडा बदलला. पुन्हा बदलला. मी ह्यांना म्हटलं, अहो, बोर्डवाला चुकून राहिला! पुन्हा बदलला! तं हे उभे राहून नाचून राहिले.”

चेतन शर्माची हॅटट्रिक होती ती. रुदरफोर्ड, इयन स्मिथ, चॅटफिल्ड, तिघांच्याही दांड्या उडाल्या. विश्वचषकातली ती पहिलीच हॅटट्रिक, आणि आमच्या काकूंना वाटलं की बोर्डवाला चुकला! मी हसले तेव्हा त्यांना जरा राग आला.

“हसू नको. तुले टीव्हीवर दहा वेळा दाखवतेत म्हणून समजते. आमाले एकदाच दिसे.”

मग गावसकर. अंगात ताप असताना ८५ चेंडूंत शतक. एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं ते एकमेव शतक, तेही कारकिर्दीतल्या शेवटून दुसऱ्या सामन्यात. न्यूझीलंडच्या २२१ धावा भारतानं ३२.१ षटकांतच ओलांडल्या. घाई करण्याचं कारण होतं. गटात पहिलं यायचं तर सामना ४२.२ षटकांच्या आत संपवायला हवा होता. पहिलं आलं तर उपांत्य सामना मुंबईत, नाही तर लाहोरला पाकिस्तानशी. नागपुरात एवढी घाई करून आपण मुंबई मिळवली, आणि ५ नोव्हेंबरला वानखेडेवर इंग्लंडच्या गूचनं स्वीप मारून मारून घरी पाठवलं. काकांचं म्हणणं, लाहोरला गेलो असतो तर बरं झालं असतं. कुंपणापलीकडून ते हे दर पाच वर्षांनी तरी एकदा ऐकवतात.

“पण काकू, ते मैदान तर आहेच की सिव्हिल लाइन्सला. गेलं कुठं?”

“मैदान आहे वं. पण मोठ्या मॅची जामठ्याले गेल्या नं.”

२००८ च्या नोव्हेंबरात जामठ्याला पहिली कसोटी झाली, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. गांगुलीची ती शेवटची. अखेरच्या काही षटकांसाठी धोनीनं त्याला कप्तानी करायला लावली होती, हे काका अजून डोळे पुसत सांगतात. नागपूरकर तेव्हा फार कुरकुरले, एवढ्या लांब कोण जाणार म्हणून. आणि इथंच मला काकांचं गणित कळत नाही. जामठा आहे वर्धा रोडवर. आपण वर्ध्याहून निघालो की पवनार, सेलू, केळझर, बुटीबोरी करत नागपूरच्या आधीच जामठा लागतो. म्हणजे स्टेडियम नागपूरकरांपासून दूर गेलं असेल, पण वर्धेकरांच्या तर ते दाराशी आलं. आणि तरी रडतात ते काका!

मी हे काकूंना बोलून दाखवलं.

“जवळ आलं, होय. पण तिथं काय वाचाचं? तो टीव्ही एवढा मोठा, अन् आकडा दिसते न दिसते तं सिमेंटची जाहिरात. मंग टायरची. मंग पुन्हा सिमेंट. आकडा कोपऱ्यात चोरासारखा. त्या बोर्डाचं कसं होतं, आकडा लावला का लावला. उठून गेलं, लघवी करून आलं, तरी तिथंच.”

हे मात्र मला पटलं. क्रिकेटमधलं काही न कळणाऱ्या बाईला सामना समजला तो त्या फलकामुळं. आजच्या पडद्यावर सारं काही आहे, फक्त थांबून वाचायला काही नाही.

पण जुन्या मैदानाचे गोडवे गाताना एक गोष्ट कुणी काढत नाही, म्हणून मी काढली. २६ नोव्हेंबर १९९५. पुन्हा न्यूझीलंडच समोर होतं. त्या दिवशी स्टँडची भिंत कोसळली आणि सामना पाहायला आलेली माणसं दगावली. काकू क्षणभर गप्प झाल्या.

“माहीत आहे. आमच्या गल्लीतला एक पोट्टा होता तिथं. वाचला तो. पण त्याच्यानंतर ह्यांना मीच जाऊ नाई दिलं.”

तेव्हा मैदान बदललं त्याबद्दल माझी तरी तक्रार नाही. माणसांच्या जिवापेक्षा आठवणी मोठ्या नाहीत. पण मैदान बदलायचं म्हणजे पाटीही भंगारात घालायची, असं कुठं लिहिलं आहे? मेलबर्नच्या त्या प्रचंड मैदानावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हातानं चालवायचा फलक होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं विजेवरचा पडदा आला, तेव्हा त्यांनी जुना फलक उचलून कॅनबेराच्या मनुका ओव्हलवर नेऊन उभा केला आणि जॅक फिंगलटन या खेळाडू-पत्रकाराचं नाव दिलं. अ‍ॅडलेडला तर १९११ चा फलक आजही जागेवर आहे. शेजारी नवा पडदा, आणि फलकाच्या आत माणसं आकडे फिरवताहेत.

“पाहा! त्यांना जमते,” काकू म्हणाल्या. “आमचा पुतण्या नाई का तिकडं अमेरिकेत, मिशिगनले? त्याच्या कॉलेजचं स्टेडियम आहे, लाखाच्या वर माणूस बसते. फुटबॉल म्हणतेत त्याले, पण चेंडू हातात घेऊन पळतेत. तिथं म्हणे १९९८ साली स्टेडियमभोवती पिवळा पट्टा लावला, त्यावर कॉलेजच्या गाण्याचे शब्द, हे मोठाले. तं जुने लोक असे भडकले का २००० मध्ये काढाच लागला!”

“म्हणजे तिथं नवी पाटी लावली म्हणून भांडण?”

“लावा, नाई तं काढा. भांडणारे भांडतेतच.”

काकूंचा हा निवाडा ऐकून मला मुंबईची आठवण झाली. २०२५ च्या मे महिन्यात वानखेडेवर रोहित शर्मा, अजित वाडेकर आणि शरद पवार यांच्या नावांचे स्टँड झाले. रोहितचे आई-वडील कार्यक्रमाला होते, टीव्हीवर पाहून बरं वाटलं. पण मुंबईतली माझी मावसबहीण अजून ‘दिवेचा पॅव्हेलियन’च म्हणते, आणि पुढंही म्हणत राहील. पाटी भिंतीवरून उतरते, तोंडातून उतरायला एखादी पिढी लागते.

तसं नाव बदलायला कारण असलं की लोक मुकाट्यानं घेतात. आपल्या इथलंच पाहा. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला आले आणि त्यांची पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागली. १९४० मध्ये सेवाग्राम नाव झालं, कुणी हूं की चूं केलं नाही. पुढं रेल्वेनंही ‘वर्धा ईस्ट’ची पाटी उतरवून ‘सेवाग्राम’ लावली. बापूंचं नाव म्हटल्यावर त्यावर कोण काय बोलणार?

“आमचे हे बोलतेत नं!” काकूंनी कपाळाला हात लावला. “यांच्यासाठी अजून ते वर्धा ईस्टच. मागच्या महिन्यात काय झालं सांगतलं का तुले? आमच्या मोठ्या जावयाचे आईवडील चेन्नईहून येऊन राहिले होते. तं ह्यांनी फोनवर काय सांगितलं? ‘वर्धा ईस्टला उतरा, मी उभा आहे.’ ते बिचारे बसले वर्धा ईस्टची वाट पाहत! सेवाग्राम आलं, गेलं. हे प्लाटफार्मवर हात हलवून राहिले, अन् ते खिडकीतून ह्यांना टाटा करून राहिले. त्यांना वाटलं, हे भेटाले आले म्हणून.”

“अगं बाई! मग?”

“मंग काय, नागपूरले उतरले. तिथून टॅक्सी करून आले वर्धा रोडनं. घरी आल्याबरोबर विहीणबाई म्हणे, वाटेत काय सुंदर स्टेडियम आहे हो तुमच्याकडं! सारे लाइट लागले होते. तुम्ही जाता का नेहमी?”

“काका काय म्हणाले?”

“काय म्हणतीन? चहा घ्या म्हणे.”