वर्धापनराव

परतूर तालुक्यातल्या आष्टीत, खरं तर मराठवाड्यातल्या कुठल्याही बाजाराच्या गावात, एक वर्धापनराव असतातच. नाव आधार कार्डावर वेगळं असतं, पण ते फार कुणाला ठाऊक नसतं. हरिनाम सप्ताह, शाळेची खोली, पतसंस्था, शेजाऱ्याचं लग्न, कशालाही तारीख असली की यांना पुरते. स्वतःच्या बोअरचाही त्यांनी रौप्यमहोत्सव केला. बोअर केव्हाच आटलेला. "पाणी गेलं म्हून वय थांबतं व्हय?" असा त्यांचा सवाल. पंगतीला टँकर आणला होता.

खरं कसब पुढेच आहे. चोविसावं वर्ष संपलं की 'रौप्यमहोत्सवी वर्षात पदार्पण', पंचविसावं संपलं की 'सांगता'. फ्लेक्स दोन, पंगती दोन आणि अध्यक्षही दोन. पहिल्या वेळी रुसलेला दुसऱ्या वेळी फेट्यात. कुणी हसलंच तर मुक्तिसंग्रामाचा दाखला तयार: निजामाची राजवट गेली सप्टेंबर १९४८ मध्ये, अमृतमहोत्सव सुरू झाला २०२२ ला आणि सांगता २०२३ ला. खुद्द निजाम मात्र १९११ ला गादीवर बसून ज्युबिली १९३७ ला करतो, हे त्यांना अजून खटकतं. ज्याला स्वतःची पंचविशी वेळेवर साजरी करता येत नाही, त्याचं राज्य टिकणार कसं?

परवा इतिहास शिकणाऱ्या नातवानं त्यांना रोम सांगितलं. तिथले बादशहा दहा वर्षं झाली की डेसेनालिया करत, विसाव्याला विसेनालिया, तिसाव्याला ट्रायसेनालिया. कॉन्स्टंटाइन ३०६ मध्ये गादीवर आला. त्यानं विसेनालिया ३२५ ला निकोमीडियात केली आणि ३२६ ला रोममध्ये पुन्हा केली.

"पदार्पण आन् सांगता!" वर्धापनराव खाटेवरून उठलेच. "मानूस आपल्यातला हाय."

दहा वर्षांचा नवस फिटला, आता विसाचा बोललो, असं ते नाण्यांवरही कोरत, हे ऐकून तर त्यांनी वही काढली. अशा वेळी बादशहा सैनिकांना पैसे वाटत, हे मात्र त्यांनी लिहून घेतलं नाही.

मुक्तिसंग्रामाची शंभरी २०४८ ला भरते, म्हणजे पदार्पण २०४७ ला. पावतीपुस्तकं छापायला गेलीत. आष्टीच्या बाजारात ते भेटले तर सुट्टे नाहीत म्हणू नका, त्यांच्याकडे क्यूआर कोड आहे.