कमी रोध, जास्त राबणूक

मराठी घरात विजेला ‘लाइट’ म्हणतात. पंखा थांबला तरी लाइट जाते, गिझर तापला तरी लाइट बिल वाढते. जिथे विजेचीच ही गत, तिथे व्होल्ट, अँपिअर, ओहम आणि वॅट या चार भावंडांची नावे एकमेकांना लागली तर नवल नाही. पण सगळ्यांत जास्त अन्याय ओहमवर, म्हणजे रोधावर होतो. ज्याचा रोध मोठा ते उपकरण वीजही जास्त खाणार, असे भल्याभल्यांना वाटते. हिशेब करून पाहू. गिझरवर 2000 वॅट लिहिलेले असते आणि घरात वीज येते 230 व्होल्टची. वॅटला व्होल्टने भागले की करंट निघतो, सुमारे 8.7 अँपिअर, व्होल्टला या करंटने भागले की रोध, साधारण 26 ओहम. आता देवघरातला 15 वॅटचा जुना काचेचा बल्ब घ्या. त्याचा रोध भरतो तब्बल 3500 ओहमच्या वर. म्हणजे तो मिणमिणता जीव विजेला दारातूनच कटवतो आणि गिझर मात्र ‘या, बसा’ म्हणत तिला घरात घेतो. नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात काम पडते, हे लग्नघरातल्या कोणत्याही धाकट्या भावाला ओहमच्या नियमाशिवाय ठाऊक असते.

यावर दहावी नीट पास झालेला कोणीही हरकत घेईल. ज्यूलच्या नियमात उष्णता ही करंटचा वर्ग गुणिले रोध अशी येते. मग रोध वाढला की उष्णता वाढायला नको का? हरकत रास्त आहे, आणि दोन्ही सूत्रे खरी आहेत. प्रश्न इतकाच की स्थिर काय आहे. घरातली उपकरणे समांतर जोडलेली असतात, प्रत्येकाला पूर्ण 230 व्होल्ट मिळतात, त्यामुळे रोध वाढला की करंट घटतो, आणि वर्ग करंटचा असल्याने नुकसान त्याचेच मोठे. एकसर जोडणीत मात्र सगळ्यांतून एकच करंट जातो आणि तिथे पारडे फिरते. 100 वॅटचा आणि 40 वॅटचा असे दोन बल्ब एकामागे एक जोडले, तर ढोबळ हिशेबाने 40 वॅटवाल्याच्या वाट्याला 20 वॅट येतात आणि शंभरवाल्याच्या वाट्याला जेमतेम 8. खोक्यावरचा आकडा वाचून रुबाब करणारा काळवंडतो, किरकोळ गडी उजळतो. आपला गिझरही एका बाबतीत एकसर असतो: त्याची वायर आणि पिन त्याच्याच रांगेत उभ्या असतात. पिन सैल बसली आणि तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला, तर त्या टीचभर जागेत 36 वॅटची उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न याहून फार वेगळे काही करत नाही. मग प्लग वितळतो आणि दोष गिझरच्या कंपनीला जातो.

स्थिर काय धरायचे, हा घोळ ज्याचे नाव या एककाला मिळाले त्या खुद्द ओहमलाही चुकला नव्हता. कुलुपे बनवणाऱ्याचा हा मुलगा कोलोनला शाळेत शिकवायचा. व्होल्टाच्या पद्धतीची बॅटरी वापरली की तिचा जोर मिनिटामिनिटाला ढळे आणि आकडे हाती लागत नसत. शेवटी त्याने बिस्मथ आणि तांबे यांचा सांधा वापरला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. जोर ढळायचा थांबला. 1827 मध्ये त्याच्या नियमाचे पुस्तक आले, स्वागत थंड झाले, मास्तरांनी नोकरी सोडली, आणि कौतुकाचे कॉप्ली पदक आले ते 1841 मध्ये, तेही लंडनहून. त्याच्या कितीतरी आधी इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिशने जवळपास हाच नियम ओळखला होता. त्याच्याकडे मीटर नव्हता, म्हणून स्वतःच्या अंगाला किती झटका बसतो यावरून तो करंट जोखायचा. निष्कर्ष त्याने छापलेच नाहीत. इतके झटके खाऊन गप्प बसणारा माणूस विरळाच.

आता शेवटची हरकत, मल्टीमीटरवाल्यांची. 100 वॅटचा जुना बल्ब हातात घेऊन मोजा. सूत्राने 529 ओहम यायला हवेत, मीटर दाखवतो 40 च्या आसपास. मग ओहम खोटा? नाही, बल्ब गार आहे. टंगस्टनची तार पांढरीशुभ्र तापली की तिचा रोध दहा-बारा पटींनी चढतो. 529 हा आकडा पेटलेल्या बल्बचा. एलईडी आणि मोटारींचे गणित आणखी वाकडे, त्यांना या भागाकारात कोंबू नये. पण गार बल्बच्या 40 ओहमला अर्थ आहे. बटण दाबताच, तार तापायच्या आत, तिच्यातून नेहमीच्या दहा-बारा पट करंट धावतो. झिजलेली तार नेमकी तेव्हाच तुटते. म्हणून असे बल्ब बहुधा लावतानाच जातात, आणि घरातले सगळे बल्बकडे न पाहता बटणावर बोट असलेल्या माणसाकडे पाहतात.