नीरोकाका

"कॉपी हवीय की बॅकअप?"

2009 सालची गोष्ट. मी काकांच्या दारात उभा होतो आणि हातात आमच्या लग्नाची डीव्हीडी होती. सासूबाईंना ती नागपूरला हवी होती, कारण पंगतीत आपण कसे दिसलो हे तिकडच्या पाहुण्यांना बघायचं होतं. "काका, एक कॉपी मारून द्या ना," एवढंच मी म्हणालो होतो.

"असं बघा," काका म्हणाले, "कॉपी दुसऱ्याला द्यायची असते, बॅकअप आपल्याला ठेवायचा असतो. मूळ डिस्क गेली तर काय, ही ज्याला चिंता आहे त्याने बॅकअप घ्यावा. तुमची चिंता कोणती?"

सासूबाई, असं मी म्हणणार होतो. पण बायको जिन्यातच उभी होती.

असे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले काका बँकेतून स्वेच्छानिवृत्त झालेले. 2001 च्या सुमारास सरकारी बँकांमधून माणसं घाऊक भावात घरी गेली, त्या लाटेत तेही आले. मिळालेल्या पैशातून कुणी फ्लॅट घेतला, कुणी चारधाम केलं. काकांनी सीडी रायटर बसवलेला कॉम्प्युटर घेतला. रायटरच्या खोक्यात 'नीरो बर्निंग रॉम' नावाचा प्रोग्रॅम फुकट आला होता. आठ दिवसांत सोसायटीने त्यांचं बारसं उरकलं.

नीरोचं नाव म्हणजे जर्मन विनोद. जर्मन भाषेत रोम शहराला 'रॉम' म्हणतात आणि सीडी-रॉममधला रॉमही तोच. म्हणजे सम्राट नीरो रोम जाळतोय, म्हणून प्रोग्रॅमच्या चित्रात कलोसियमला आग लागलेली. लोक हसून पुढे जात. काकांनी मात्र ज्ञानकोश काढला. "रोमची आग इसवी सन 64 ची. नीरो गेला 68 साली. कलोसियमचं बांधकाम त्यानंतर सुरू झालं. म्हणजे याने जाळलं काय? कागदपत्रांवरच तारखा जुळत नाहीत, तर पुढचा व्यवहार कसा करायचा?"

यावरून त्यांनी बँकेत कोणतं खातं सांभाळलं असेल ते लक्षात आलंच असेल. शेवटची बारा वर्षं ते कर्ज विभागात होते. त्यांच्या टेबलावरून प्रपोजल सहीनिशी पुढे जाईपर्यंत अर्जदाराचा धंदा बदललेला असे, असं त्यांचेच जुने सहकारी सांगतात. निवृत्तीनंतर अर्जदार राहिले नाहीत, म्हणून काकांनी सॉफ्टवेअरची प्रपोजलं घ्यायला सुरुवात केली. डिस्कची नक्कल करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमची त्यांच्याकडे एक फाइल होती. खाकी पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली. आत करणाऱ्याची माहिती, आवृत्त्यांच्या तारखा, तक्रारी आणि शेवटी काकांचा शेरा. फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलवर लाल शाईत एकच प्रश्न असे: 'तारण काय?'

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे मला नंतर कळलं. असाच एक फुकट प्रोग्रॅम मी घाईत 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत बसवला आणि सकाळी ब्राउझर उघडला तर वर तीन नव्या पट्ट्या चिकटलेल्या. काकांनी चष्म्यावरून बघितलं. "तारण तुम्ही दिलंत," ते म्हणाले.

एक फाइल सोसायटीत विशेष गाजली. 'अल्कोहोल 120%' नावाचा प्रोग्रॅम खरोखरच आहे आणि डिस्कच्या प्रतिमा बनवायला चांगला आहे. काकांनी ते नाव वळणदार देवनागरीत फाइलच्या कण्यावर लिहून ती फळीवर उभी केली. त्याच गुरुवारी काकूंचं भजनी मंडळ घरी होतं. "शंभर टक्क्यांपर्यंत आम्ही ऐकलं होतं हो," एक आजी काकूंचा हात हातात घेऊन म्हणाल्या.

काकांचं खरं प्रेम मात्र पडताळणीवर. बँकेत एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून सही करायची. मेकर आणि चेकर. डिस्क लिहून झाल्यावर लिहिलेलं पुन्हा वाचून मुळाशी ताडून बघण्याची सोय बहुतेक प्रोग्रॅममध्ये असते. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो म्हणून तुमच्या-माझ्यासारखे लोक ती टिक काढून टाकतात. "चेकरची सही नसताना व्हाउचर पास?" असं काका इतक्या दुखावल्या आवाजात विचारत, की आपण रिझर्व्ह बँकेलाच फसवलंय असं वाटावं.

सुरुवातीच्या काळात तर त्यांच्या घरी सीडी लिहिणं म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक होता. तेव्हाच्या रायटरला माहितीचा ओघ क्षणभर तुटलेला चालत नसे. तुटला की डिस्क कायमची वाया. म्हणून सीडी सुरू झाली की इंटरनेट बंद, गाणी बंद, खोलीचं दार बंद. पुढे लेझर थांबवून त्याच जागेवरून पुन्हा सुरू करण्याची सोय रायटरमध्येच आली. पण काकांचं दार बंदच राहिलं. वाया गेलेल्या सीड्या काकू दोऱ्यात ओवून गॅलरीत टांगत, कबुतरांसाठी. पहिले सहा महिने कबुतरं घाबरली. मग त्यांनीही पडताळणी केली असावी.

'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' या प्रोग्रॅमवर काका भाळले ते याच कारणाने. तो गाण्याची सीडी एकदा वाचून विश्वास ठेवत नाही. तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचतो आणि उत्तरं जुळेपर्यंत सहजी पुढे सरकत नाही. काकांकडे नाट्यसंगीताची एक ओरखडलेली सीडी होती. एका तानेवर ओरखडा होता, तिथे तो अडला. दुपारी दोनला लावलेलं, संध्याकाळी सहापर्यंत तीच तान. इतक्या बारकाईने ती तान एकाही समीक्षकाने ऐकली नसेल. "बँकेत याला मी डोळे मिटून घेतला असता," काका भारावून म्हणाले.

डीव्हीडी आली आणि काकांच्या आयुष्यात घोटाळा शिरला. 4.7 जीबीची डिस्क म्हणून आणायची आणि कॉम्प्युटर दाखवणार 4.37. काका पावती घेऊन थेट तापकीर गल्लीतल्या दुकानात. "उरलेले तेहतीस कुणाच्या खात्यात गेले?" दुकानदाराने पन्नास डिस्कचा अख्खा डबा पुढे करून "मोजून घ्या" म्हटलं. कारण अगदी साधं आहे. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, कॉम्प्युटर 1024 च्या. गंमत म्हणजे सीडीवरचे 700 एमबी 1024 च्याच हिशोबाने छापलेले असतात, म्हणून तिथे खोट येत नाही. काकांनी तेव्हापासून सीडीला सेव्हिंग खात्याचा मान दिला आणि डीव्हीडीला चिटफंडाचा.

मग 'डीव्हीडी श्रिंक'ची फाइल उघडली. साडेआठ जीबीची दोन थरांची डिस्क दाबून साध्या डिस्कमध्ये बसवणारा हा प्रोग्रॅम. पुढच्या नोंदी डिस्कवरचं कुलूप तोडणाऱ्या 'डीव्हीडी डिक्रिप्टर'च्या: 2005 मध्ये कायद्याच्या धाकाने करणाऱ्याने तो बंद केला आणि त्याच वर्षी कुलूप तोडण्याचा भाग वगळून 'इमेजबर्न' आणला. "एक खातं बंद करून दुसरं उघडणं गुन्हा नाही," असा काकांचा शेरा आहे. स्वतः मात्र त्यांनी एकही सिनेमा उतरवला नाही. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ भाड्याच्या सिनेमाची डिस्क घेऊन आले, तेव्हा काकांनी त्यांना 1957 चा कॉपीराइट कायदा काढून दाखवला: घेतलेल्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमची राखीव प्रत करायला कलम 52 मुभा देतं, भाड्याच्या सिनेमाची नाही. गृहस्थ परत गेले आणि काकांनी श्रिंकच्या फाइलला नाडी बांधली. पाच महिने अभ्यास, वापर शून्य!

आता रिजनचं सांगायला हवं. एका विभागाची डीव्हीडी दुसऱ्या विभागात चालू नये म्हणून सिनेमावाल्यांनी जग सहा विभागांत वाटलं. अमेरिका एक, भारत, रशिया आणि बहुतेक आफ्रिका पाच. ही वाटणी हॉलिवूडने नेहरूंच्या परराष्ट्र धोरणाची फाइल चाळून केली असावी. ड्राइव्हला हा विभाग बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्यानंतर जो असेल तो जन्मभर. काकांचा मुलगा न्यू जर्सीला. तो येताना तिकडच्या डिस्क आणायचा, काका एकवर जायचे. तो गेला की पाचवर परत. तारखेनिशी नोंद. पाचव्या वेळी नातवंडं आली होती, कार्टून लावा म्हणून रडत होती, आणि काकांनी आयुष्यात पहिल्यांदा कच्च्या तपासणीवर सही केली. तेव्हापासून कोथरूडमधला तो ड्राइव्ह अमेरिकेचा आहे. मुलाला ग्रीन कार्ड मिळायला पुढे सहा वर्षं लागली.

माझी लग्नाची डीव्हीडी सात महिन्यांनी आली. डिस्कच्या रंगद्रव्याचा अभ्यास चालला होता. लिहायच्या डिस्कमध्ये लेझरने भाजला जाणारा रंगाचा पातळ थर असतो आणि त्याच्या जातीवर डिस्कचं आयुष्य ठरतं, हे मला त्या सात महिन्यांत सक्तीने शिकावं लागलं. काकांनी अझो रंगाची डिस्क निवडली, सोळाचा वेग असताना चारनेच लिहिली, पडताळली, आणि दोन प्रती दिल्या. एकीवर कॉपी, दुसरीवर बॅकअप. सासूबाईंनी तोवर फोटोग्राफरकडून परस्पर डिस्क मागवून, बघून, पंगतीबद्दलची मतंही नोंदवून टाकली होती.

2013 च्या दिवाळीत काकांची हार्डडिस्क गेली. काकू म्हणाल्या, "माझे काशीचे फोटो तेवढे काढून द्या." काका शांतपणे कपाटाकडे गेले. नीरोच्या सगळ्या आवृत्त्या निघाल्या. इमेजबर्नच्या निघाल्या. अल्कोहोल निघालं. प्रत्येकाची दुसरी प्रत बँकेच्या लॉकरमध्ये, काकूंच्या पाटल्यांशेजारी. काशीचे फोटो मात्र कुठेच नव्हते. ते कोणत्या प्रोग्रॅमने उतरवायचे याचा निर्णय व्हायचा होता. "प्रपोजल पेंडिंग होतं," काका हळू आवाजात म्हणाले.

काकू काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गॅलरीत नव्या दोऱ्यात नव्या डिस्क टांगलेल्या दिसल्या. त्या सगळ्या पडताळणी झालेल्या होत्या.

एक कबूल करायला हवं. गेल्या वर्षी मुलीला आमच्या लग्नातलं आजोबांचं बोलणं ऐकायचं होतं. मूळ डीव्हीडी काढली, तर तिचा थर काठाकडून फिकट पडलेला, काही वाचता येईना. नागपूरच्या डिस्कचीही तीच गत. काकांनी 'बॅकअप' लिहून दिलेली डिस्क कपाटाच्या तळाशी होती. पण ती घालायची कशात? घरात तीन लॅपटॉप, डिस्कला खाच एकालाही नाही. शेवटी वरच गेलो. काका आता ऐंशीच्या घरात आहेत. ड्राइव्हचा ट्रे उघडेना, म्हणून त्यांनी पेपरक्लिप सरळ करून पुढच्या बारीक भोकात खुपसली. ट्रे बाहेर आला, डिस्क फिरली आणि आजोबा बोलू लागले. एकही अडथळा नाही. काका पडद्याकडे बघतच नव्हते, ड्राइव्हच्या दिव्याकडे बघत होते. काकू आतून पोहे घेऊन आल्या आणि पूर्ण होईपर्यंत उभ्याने बघत राहिल्या.

त्या ड्राइव्हचे दिवस आता भरत आले आहेत. तेव्हा वाचकांना विनंती अशी, की जुन्या कॉम्प्युटरमधला चालू डीव्हीडी रायटर तुमच्याकडे पडून असेल तर भंगारात घालू नका, मला कळवा. मात्र रिजन आजवर किती वेळा बदललाय ते आधी बघून ठेवा. काका विचारणार आहेत.