२३ किलोंची माया

अमेरिकेला निघालेल्या मराठी माणसाच्या घरात शेवटचे आठ दिवस वजनकाट्याचं राज्य असतं. काका आधी एकटे काट्यावर उभे राहतात, मग बॅग कवटाळून. वजाबाकी काकू करतात. मर्यादा २३ किलोंची, उत्तर २४.३ आलं की वाद सुरू. भाजणी काढायची की मेतकूट? काकूंच्या मते काकांचा स्वेटर. ‘हे सगळं आता तिकडे इंडियन स्टोअरमध्ये मिळतं,’ असं त्या वेळी म्हणणाऱ्याला घरात कोणी चहा विचारत नाही.

वजनाची ही धास्ती विमान कंपन्यांनाही आहे. फक्त त्यांच्या हिशेबात माया आड येत नाही. युनायटेड एअरलाइन्सने काही वर्षांपूर्वी विमानातलं आपलं मासिक हलक्या कागदावर छापायला घेतलं. एकेक प्रत एका औंसाने, म्हणजे २८ ग्रॅमनी, हलकी झाली आणि वर्षाला १,७०,००० गॅलन इंधन वाचलं. २८ ग्रॅम म्हणजे आपली दीड चकली. हे काकूंना सांगू नये.

कारण हिशेब तसा वाईटच आहे. जादा वजन वाहायला विमान दर तासाला त्या वजनाच्या साधारण ३ टक्के इंधन जाळतं. पंधरा तासांच्या उड्डाणात २३ किलोंच्या एका बॅगेपायी दहा किलोंच्या आसपास इंधन जातं. आणि एक किलो इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एकाचे तीन कसे, तर उरलेला ऑक्सिजन हवेतला. त्याला कोणी काट्यावर धरत नाही. थोडक्यात, बॅग स्वतःच्या वजनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड आकाशात सोडून नातवाकडे पोचते.

तरी मेतकुटाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला पटत नाही. खरा खर्च बॅगेचा नाही, फेरीचा आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला जाऊन यायचं तर एका माणसामागे टनभर तरी कार्बन डायऑक्साइड जमा होतो, आणि भारतातला सरासरी माणूस वर्षभरात सगळं मिळून दोन टनांच्या आसपास सोडतो. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतो. पण जगातली बहुतेक माणसं वर्षभरात एकदाही विमानात बसत नाहीत, म्हणजे ही करामत मोजक्यांचीच.

या मोजक्यांसाठी शास्त्रज्ञांनी नवं इंधन काढलं आहे. त्याला ‘सॅफ’ म्हणतात. ते उसाच्या मळीपासून होतं, चरबीपासून होतं आणि तळणाच्या वापरलेल्या तेलापासूनही होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हर्जिन अटलांटिकचं एक विमान लंडनहून न्यूयॉर्कला निव्वळ अशा इंधनावर गेलं. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका विमानात पुण्याच्याच प्राज कंपनीचं सॅफ थोडं मिसळलं होतं. उसाने महाराष्ट्रात आमदार-खासदार वर नेले, ते पाहता विमान उडवणं त्याला जड नाही.

तेलाचं मात्र कठीण आहे. मराठी घरात वापरलेलं तेल ही वस्तूच नसते. दिवाळीचं तळण झालं की ते गाळून बरणीत जातं, तिथून पोळ्यांना, मग फोडणीला, आणि तळाशी उरेल ते दाराच्या बिजागऱ्यांना. नाक्यावरच्या भजीवाल्याची कढई तर रिकामी झालेली कोणी पाहिलेली नाही. असं जळकं तेल पोटात न जाता गोळा होऊन इंधनाला जावं म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये ‘रुको’ नावाची योजनाही काढली. योजना चांगली आहे, फक्त भजीवाला रुकत नाही. आणि जगभरच्या कढया उपसल्या तरी पुरणार किती? २०२४ मध्ये विमानांनी जाळलेल्या इंधनात सॅफ ०.३ टक्के होतं. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ चं लक्ष्य ठेवलंय, एक टक्का.

तोवर उरतो तो जुनाच उपाय, कमी फेऱ्या. फ्रान्सने २०२३ मध्ये, रेल्वेने अडीच तासांत जाता येतं अशा काही मार्गांवरची देशांतर्गत विमानं बंदच केली. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण आजी-आजोबा आहेत. ते एकदा जातात आणि सहा महिने राहतात. व्हिसाचा शिक्का देईल तो प्रत्येक दिवस वसूल करतात, नातवाला पाढे शिकवून, सुनेला थोडा वैताग आणून परततात. पुन्हा चार-पाच वर्षं नाव काढत नाहीत. पर्यावरणाच्या दृष्टीने इतका सज्जन प्रवासी दुसरा नाही. त्याच विमानात पुढे, पडद्याआड, आडवे होऊन झोपलेले साहेब असतात. त्यांच्या ऐसपैस आसनाच्या वाट्याला आजीच्या तिप्पट कार्बन येतो, आणि ते दोन दिवसांच्या बैठकीसाठी चाललेले असतात. पुढच्या महिन्यात पुन्हा जातील. काट्यावर धरायचं तर यांना धरा.

व्हिसा मिळाला नाही तेव्हा आजीने फोनच्या पडद्यावरून पाळणा म्हटला आणि बारसं नीट पार पडलं. तिमाहीचा आढावा काही बारशाहून नाजूक नसतो. कंपन्यांनी एवढं तरी पडद्यावर उरकावं.