बंगालच्या उपसागरास खुले पत्र

प्रति,
मा. बंगालचा उपसागर,
मु. हंसलदीवी, आंध्र प्रदेश

विषय : संत तुकाराम नगर, पिंपरी येथून दर पावसाळ्यात विनामूल्य पाठविल्या जाणाऱ्या मालाबाबत

महोदय,

संत तुकाराम नगरपासून अरबी समुद्र शंभरेक किलोमीटरवर आहे. पण मध्ये सह्याद्री उभा असल्याने येथील पावसाचे पाणी आपल्याच वाट्याला येते. पावसाळी गटारातून ते पवनेत उतरते. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, पुण्यात मुठा येते, पुढे भीमा. उजनी ओलांडून, वारीला न जाताच पंढरपूर गाठून हे पाणी रायचूरजवळ कृष्णेत शिरते आणि अखेर आपल्या स्वाधीन होते.

मालाचा तपशील असा : जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर उन्हाळाभर साठलेली टायरची झीज, ब्रेकमधले तांबे, सांडलेले ऑइल, बांधकामाची माती, प्लॅस्टिक. पुढे शेतातली खते त्यात भर घालतात. वाटेतली धरणे बराच गाळ ठेवून घेतात. विरघळलेले नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र पूर्ण अडत नाहीत. त्यांची पहिली पोच पवनेतली जलपर्णीच देते. समुद्रात याच खुराकावर शैवाल माजते, मरते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते.

यावर कायदा नाही, असे समजू नये. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम 1974 पासून आहे. कारखान्याला सांडपाणी सोडायचे तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते. पाऊस असा अर्ज करत नाही. कायद्याला सोडणारा आणि सोडण्याची जागा लागते. हजार छपरे, वाहनतळ आणि रस्ते मिळून एक आरोपी उभा राहत नाही. या सोयीचा लाभ चोरून जोडलेल्या मैलावाहिन्याही घेतात. पावसाळी गटार मे महिन्यात वाहू लागले, की ते कशामुळे, हे सर्वांना कळते.

किनाऱ्यासाठी वेगळी अधिसूचना आहे. 1991 ची, मग 2011 ची, मग 2019 ची. तिचा भर भरतीरेषेपासून जमिनीकडच्या 500 मीटरांत काय बांधावे आणि काय बांधू नये, यावर आहे. पिंपरी त्या पट्ट्याबाहेर असल्याने येथील घाण नियमात बसते. नदीकाठच्या उद्योगांना अंतर राखायला लावणारे नदी नियमन क्षेत्र धोरण महाराष्ट्राने 2000 मध्ये आणले, 2009 मध्ये सुधारले आणि 2015 मध्ये रद्द केले. पाण्याचा नसला, तरी धोरणाचा निचरा उत्तम झाला.

नालेसफाई दरवर्षी होते. तिचे यश पाणी तुंबले नाही यावर मोजले जाते. ते काय घेऊन कुठे गेले, हा प्रश्न निराळ्या खात्याचा ठरतो.

अमेरिकेनेही 1972 च्या जलप्रदूषण कायद्यात आधी सांडपाणी सोडणारे नळच शोधले. 1987 मध्ये तिने शहरांच्या पावसाळी गटारांना परवाना लावला आणि 1990 मध्ये किनारी राज्यांना शेत, रस्ते व वस्त्यांवरून वाहणाऱ्या घाणीसाठी आराखडे करायला लावले. उपाय अवघड नाहीत : पावसाआधी रस्त्यांची खरी झाडलोट, पहिल्या सरीचे पाणी अडवणारे तलाव, पाणी मुरू देणारी फरसबंदी, मैला आणि पावसाच्या वाहिन्यांची काटेकोर फारकत. अडचण एवढीच, की या कामांचे उद्‌घाटन करताना फीत कुठे बांधायची, हे ठरत नाही.

नियम पाणलोटाचे हवेत. ते किनाऱ्याचे आखले गेले आहेत. हे बदलेपर्यंत माल नियमित पाठविला जाईल. तक्रार असल्यास नळाचा पत्ता आणि मालकाचे नाव जोडून रीतसर अर्ज करावा. त्याशिवाय तक्रारीची दखल घेतली जाणार नाही.

कळावे,

पावसाळी गटारांच्या वतीने,
संत तुकाराम नगर, पिंपरी 411018

प्रत माहितीस्तव : उजनी जलाशय