नमुना

मालवणच्या प्रत्येक वाडीत एक भाई असतो. त्याचं खरं नाव फक्त रेशनकार्डाला ठाऊक. भाईचं म्हणणं कुणी खोडायला गेलं की तो लुंगीची गाठ घट्ट करतो आणि विचारतो, "तुका खरा वाटणा नाय? माझ्या चुलत भावाक इचार." चुलत भाऊ लालबागला राहतो. म्हणजे पुरावा आहे, फक्त हजर नाही.

भाईला एक उदाहरण पुरतं. दुसरं दिलंत तर तो दचकतो. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने किनारा झोडपला, त्याच्या आदल्या पहाटे भाईचा कोंबडा आरवला नव्हता. तेव्हापासून भाई हवामान खात्याचा अंदाज ऐकतो तो हसण्यापुरता.

त्याची भाची कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. तिने वहीत चार घरं आखली: कोंबडा गप्प आणि वादळ आलं, गप्प पण वादळ नाही, आरवला तरी वादळ, आरवला आणि वादळ नाही. "मामा, चारय घरां भर." भाईने पहिल्या घरात एक टिंब ठेवलं आणि पेन परत दिलं. "बाकीच्या घरांत काय लिवतलंय? थंय काय लक्षात रवण्यासारख्या झालाच नाय." माणसाचं मन पुरावा कसा गोळा करतं, हे त्या पोरीला पुस्तकाच्या अख्ख्या प्रकरणातून जेवढं कळलं नसेल तेवढं ह्या दोन वाक्यांत कळलं.

गंमत म्हणजे हाच माणूस बंदरावर गेला की पक्का संशोधक होतो. पाटीतला वरचा बांगडा त्याने जन्मात उचललेला नाही. हात थेट तळाशी. मग मधला एक, कडेचा एक. कल्ले उघडून बघणार, पोट दाबणार आणि मगच भाव विचारणार. कोळणी त्याला लांबून ओळखतात आणि पाटीवर फडकं ओढून घेतात. मत घेताना मात्र तो पाटीतलं वरचंच उचलून घरी येतो.

केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेचे लोक किनाऱ्यावर किती मासळी उतरली ते काढताना प्रत्येक होडी मोजत बसत नाहीत. बंदरं आणि दिवस चिठ्ठ्या उचलल्यासारखे निवडतात, तिथल्या काही होड्यांची मासळी मोजतात आणि त्यावरून साऱ्या किनाऱ्याचा अंदाज बांधतात. भाईला हे कळलं त्या दिवशी तो जेवला नाही. "धा होडये मोजून शंबराचा सांगतत! लाज नाय?" एका कोंबड्यावरून अख्ख्या अरबी समुद्राचं सांगणारा हा माणूस!

"मिक्सरातला वाटप माका पयल्या घोटाक कळता," हा भाईचा सर्वांत जुना दावा. भाचीने ह्यावेळी तो सोडला नाही. चहात दूध आधी घातलंय की नंतर, हे चवीवरून ओळखते म्हणणाऱ्या बाईपुढे आठ कप ठेवण्याचा प्रयोग रोनाल्ड फिशर ह्या संख्याशास्त्रज्ञाने 1935 च्या आपल्या पुस्तकात मांडला आहे. इथे चहाच्या जागी बांगड्याचं तिखलं आलं. आठ वाट्या, चार पाट्यावरच्या वाटपाच्या, चार मिक्सरच्या. क्रम चिठ्ठ्या टाकून. मामीला आत बसवलं आणि वाट्या शेजारच्या पोराने आणल्या, कारण कुठली वाटी कुठली हे त्याला ठाऊक नव्हतं. ह्या अटीवर भाई फार भांडला. इतकी वर्षं तो चव ओळखत होता ती मामीच्या भुवयांवरून.

आठांतल्या सहा वाट्या बरोबर निघाल्या. भाई उठून उभा राहिला. भाचीने हिशेब मांडला: आठांतल्या चार निवडायचे सत्तर प्रकार, आणि त्यांतल्या सतरांत नुसता ठोकून देणाराही इतकं किंवा ह्याहून जास्त बरोबर सांगतो. "म्हणजे मामा, जिभेर कायच न कळणारोय चारात एकदा तुझ्याइतक्या सांगतलो."

"म्हणजे चारातले तीन हिस्से माझा खरा!"

ही चूक मोठमोठ्या पदव्यावालेही करतात, म्हणून पोरीने राग गिळला. तोवर भाईला चुकलेल्या दोन वाट्यांचं कारणही सापडलं होतं. "त्यांच्यात तिरफळा जास्त पडली. ती धरूचीच नाय. मगे सहातली सहा." हेही भाईने शोधून काढलेलं नव्हे, नको असलेला आकडा असाच गुपचूप बाजूला सारणारे प्रयोगशाळांतही असतात.

शेवटी ती म्हणाली, "मामा, नमुनो ल्हान आसा. आठ वाटयेंत ठाम काय सांगूक येणा नाय."

तिच्या साऱ्या अभ्यासक्रमातलं हे एकच वाक्य भाईला मनापासून पटलं. "ह्यां बरोबर बोललंस. नमुनो वाढवया. रोज आठ वाटये."

"आनि पाट्यार वाटतलो कोण?" आतून मामीने विचारलं. "तुमीच वाटा."

"मी वाटूक बसलंय तर माका कळतला मगे, खयची वाटी खयची!" भाई म्हणाला. "शास्त्र बिघाडतला."